मास्तरांचा डावा डोळा

"मास्तर, पाय मागं!"

मुल्ला मॅडमचा आवाज आमच्या डेपोतल्या कर्ण्यापेक्षा मोठा. मी जागच्या जागी थांबलो. चुन्याच्या रेघेच्या पुढे माझं एक पाऊल पडलं होतं. समोर गवताच्या गठ्ठ्यांत बाण रुतलेले दिसत होते आणि मला वाटलं, आपणच जाऊन उपटून आणावेत, पोरांना कशाला हेलपाटा.

"शिट्टी झाली का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय."

"मग कुठं निघालात?"

"समद्यांचं सोडून झालं असं वाटलं."

"वाटलं! तुमच्या गाडीचा ड्रायव्हर डबल बेल न होता, वाटलं म्हणून गाडी काढतो का?"

रेघेवरची पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार! कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. सारं आयुष्य मास्तर म्हणवून घेतलेला मी, हणमंत डुबल, पन्नाशीला टेकल्यावर पोराटोरांच्या रांगेत विद्यार्थी म्हणून उभा होतो आणि पहिल्याच दिवशी बोलणी खात होतो. हसली नाही ती फक्त माझी मुलगी, प्रणाली. ती माझ्या शेजारी उभी राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "एक शिट्टी झाली की बाण सोडायचा. तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून आणायला जायचं. मधी कुणी मेलं तरी रेघ ओलांडायची नाय."

"मेलं तरी?"

"मेलं तर मॅडम पाच मारतात."

गेल्या तीन महिन्यांत पोरगी माझ्याशी एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलली होती. मी पाय मागे घेतला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. कराडात कृष्णेच्या अलीकडे, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे मुल्ला मॅडमचं धनुर्विद्या शिकवायचं एक मैदान होतं. मैदान म्हणजे काय, तर एक पट्टा सपाट केलेला, शेवटाला मातीचा बांध आणि बांधापलीकडे कुणाचा तरी ऊस. प्रणाली सातवीपासून तिथे जायची. मी पहाटेची पहिली गाडी करून दुपारी मोकळा व्हायचो, नाहीतर मुक्कामी गाडीवरून सकाळी परत यायचो, आणि संध्याकाळी तिला आणायला मैदानावर जाऊन बसायचो. रेघेच्या डाव्या टोकाला लिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. त्या बाकाला माझ्या बुडाचा आकार आला असेल. युनिफॉर्मवरच बसायचो. घरी जाऊन कपडे बदलायचे आणि परत यायचं, एवढं त्राण कुणात होतं?

पोरगी चांगली होती. जिल्ह्यात पहिली यायची. आणि त्या उन्हाळ्यात सांगलीच्या स्पर्धेत शेवटचा बाण चुकला, एका बाणानं नंबर गेला, आणि तिथून ती अडकली.

अडकली हा मैदानावरचा शब्द. ज्याला होतं त्याच्यासमोर तो उच्चारायचा नाही, अशी तिथली रीत. होतं असं की खेळाडू दोरी ओढतो, हनुवटीपर्यंत आणतो, नेम धरतो, सगळं बरोबर. पण बोटं उघडत नाहीत. उघडायचं मनात येतं आणि बोटं ऐकत नाहीत. मग हात थरथरायला लागतो आणि धनुष्य खाली घ्यावं लागतं. प्रणाली रोज संध्याकाळी उभी राहायची, ओढायची, थरथरायची, खाली घ्यायची. मला बाकावरून तिची पाठ दिसायची. पाठीवरची वेणी थरथरायची, त्यावरून मला कळायचं की आजही नाही.

औषध मॅडमना माहीत होतं. नवशिक्यांसारखं पहिल्यापासून सुरू करायचं. कागदी टार्गेट काढून टाकायचं, कोऱ्या गवताच्या गठ्ठ्यासमोर चार-पाच पावलांवर उभं राहायचं, नेम धरायचाच नाही. पण नवशिके म्हणजे चौथी-पाचवीतली चिल्लीपिल्ली. जिल्ह्यात पहिली आलेली सतरा वर्षांची पोरगी त्यांच्यात उभी राहायला तयार होईना. "त्यापेक्षा मी बंद करते," म्हणाली आणि आमच्या डुबलांच्या घरात एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायची पद्धत नाही.

गणपती नुकतेच बोळवले होते तेव्हाची गोष्ट. मी बाकावर पेंगत होतो. मॅडमनी येऊन खांद्याला हात लावला.

"दमलात का मास्तर?"

"छे छे. कुठं दमलोय?" मी टोपी नीट केली. हा माझा ठरलेला जबाब. घरात, डेपोत, कुणीही विचारलं तरी हाच. माझा बाप हमाल होता आणि त्यानंही कधी दमलो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की मी पुण्याच्या दोन वर्षांच्या शिबिरासाठी नावं पाठवते," त्या म्हणाल्या. "राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथं. प्रणाली यंदा वयात बसतीय, पुढच्या वर्षी बसत नाही. पण जी पोरगी बाण सोडत नाही तिचं नाव मी कुठल्या तोंडानं पाठवू?"

"व्हय मॅडम. खरंच हाय."

"मला एक नवशिका पाहिजे. बारक्या पोरांत ती उभी राहणार नाही. तुम्ही या."

"मी?" मला वाटलं अजून झोपेतच आहे.

"मैदानाचा नियम आहे, नवशिक्याला जुन्या खेळाडूनं शिकवायचं. तुम्हाला ती शिकवेल. तुम्हाला कोरा गठ्ठा लागणार, म्हणजे तिलाही त्याच्यासमोर उभं राहावं लागणार. बापाला शिकवताना कुणाची लाज?"

"मॅडम, माझं वय बघा की."

"वय नाही, मी डोळा बघते. उभे राहा."

त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले, तळहात एकमेकांवर ठेवून मधे एक बारीक भोक ठेवायला सांगितलं. "ह्या भोकातून माझ्या नाकाकडं बघा. दोन्ही डोळे उघडे." मी बघितलं. भोकात मॅडमचं नाक, आणि नाकावर घामाचा थेंब. त्यांनी समोरून माझ्याकडे निरखून बघितलं. माणसाचा एक डोळा मालक असतो आणि दुसरा नोकर, असं त्यांनी मला समजावलं. भोकातून जो डोळा बघतो तो मालक, आणि समोरच्यालाच तो दिसतो. त्या डोळ्याच्या बाजूच्या हातानं दोरी ओढायची.

"डावा," मॅडम म्हणाल्या.

"पण मी उजवा हाय. जेवतो, सही करतो, तिकिटं काढतो, समदं उजव्यानं."

"डोळ्यापुढं हाताचं चालत नाही. तुम्ही डाव्यानं ओढणार. आणि डाव्या हाताची काळजी करू नका. वीस-पंचवीस वर्षं गाडीतल्या दांडीला लोंबकळून तयार झालाय तो."

घरी हे सांगितलं तर बायको हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. "उठता बसता गुडघं कुरकुरत्यात आणि निघाले रामायण करायला," एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझी जुनी ट्रॅकपँट धुऊन काढली.

तर असा मी रेघेवर आलो. आणि आलो तो तोंड उलटं करून. उजव्या हातानं ओढणारे सगळे एका बाजूला छाती करून उभे राहतात. प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते, तिकिटाच्या रांगेत दिसते तशी. डावखुऱ्याचं सगळं उलट. म्हणून त्याला रेघेच्या उजव्या टोकाला उभं करतात. माझ्या शेजारी प्रणाली. तिची छाती माझ्याकडे, माझी तिच्याकडे. मधे हातभर अंतर. घरातसुद्धा आम्ही इतके समोरासमोर कधी उभे राहिलो नव्हतो.

शिकवायला ती कडक निघाली. पहिल्या दिवशी बाण हाताला लागू दिला नाही. नुसता रबराचा पट्टा ओढायला लावला. दुसऱ्या दिवशी धनुष्य दिलं, ते शाळेतल्या पोरांचं हलकं.

"माझ्या अंगाला शोभंल असं दे की जरा," मी म्हणालो.

"सगळे नवीन लोक हेच म्हणतात. जड धनुष्य मागतात, आठवड्यात खांदा धरतो, मग घरी बसतात. हेच घ्या."

मी ते घेतलं, दोरी ओढून बघितली आणि सोडणार तोच तिनं माझं मनगट धरलं.

"बाण न लावता दोरी सोडायची नाय पप्पा! धनुष्य फुटतं. दोरीचा जोर बाणात जाऊ दे, नायतर तो लाकडात जातो."

"मग ओढलेलं करू काय आता?"

"परत आणा. हळूहळू. जसं नेलं तसं."

हे सगळ्यात अवघड निघालं. ओढताना काही वाटत नाही. जोर असतो, हौस असते. परत आणताना खांद्याची, पाठीची, माहीत नसलेली एकेक शीर बोंब मारते. आणि या मैदानाची रीत अशी की नवशिक्यानं पहिले कितीतरी दिवस फक्त हेच करायचं. ओढायचं आणि परत आणायचं. सोडायचं नाहीच.

"हे कशापायी?" मी विचारलं.

"समोर कुणी आलं, कुत्रं आलं, नेम बिघडला, तर न सोडता उतरवता आलं पाहिजे. ज्याला परत आणता येत नाय, त्याला मॅडम बाण देत नायत." आणि मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "मला सध्या तेवढंच येतंय."

मी परत ओढलं आणि परत आणलं.

खोटं कशाला बोलू, ते दिवस फार जड गेले. आधीच शरीर म्हणजे जुनी गाडी, त्यात हे. सकाळी दांडी धरायला डावा हात वर जाईना. पाटणच्या गाडीत एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, लकवा झाला का वो?" घंटेची दोरी ओढताना हात हनुवटीपाशी थांबायचा आणि मी तो सवयीनं हळूहळू परत आणायचो, ड्रायव्हर आरशातून खुणा करायचा की बेल मारा, बेल मारा. डेपोत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. "काय अर्जुनराव!" म्हणून हाका सुरू झाल्या. मी हसून घ्यायचो. संध्याकाळी मैदानाकडे वळताना पाय अक्षरशः ओढत न्यायचो.

आणि मैदानावर प्रणाली म्हणायची, "पप्पा, दमलात का?"

"कुठं दमलोय? ठणठणीत हाय."

ती माझ्या तोंडाकडे बघायची. समोरासमोर असल्यामुळे लपवायलाही जागा नव्हती.

मग बाण मिळाला. कोऱ्या गठ्ठ्यासमोर, पाच पावलांवर. बाण लावताना तीन पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस बाहेरच्या बाजूला ठेवायचं, दोरी तीन बोटांच्या पेरात धरायची, अंगठा आत मुडपायचा. माझा पहिलाच बाण सुटला तेव्हा दोरी उजव्या हाताच्या आतल्या बाजूला अशी फटकन बसली की तिथे चामडी पट्टा का बांधतात ते मला जन्मभरासाठी कळलं. मनगटापासून कोपरापर्यंत निळं-जांभळं झालं. प्रणाली पहिल्यांदा हसली. "प्रत्येकाला एकदा बसतो," म्हणाली, "मग कोपर वळवायचं आपोआप कळतं."

मला शिकवता शिकवता तीही गठ्ठ्यासमोर उभी राहायला लागली, आणि लाजही वाटेना तिला. पण बाण? ती मला दाखवायला ओढायची, सांगायची, "बघा, हनुवटीला लागलं, खांदे खाली, आता बोटं नुसती सैल," आणि तिची बोटं सैल व्हायची नाहीत. आता मला तिचा चेहरा दिसत होता. बाकावरून पाठ दिसायची तेव्हा मला वाटायचं, पोरगी हरण्याला घाबरतीय. पण तो चेहरा घाबरलेल्याचा नव्हता. चौकातून भरलेली घागर आणताना बाईचा असतो तसा होता; सांडेल की काय म्हणून जपून चाललेला. कशाला जपत होती ते मला कळेना.

नवरात्र बसलं. मॅडम काही बोलायच्या नाहीत. फक्त जाताना म्हणायच्या, "दसरा आला हं मास्तर."

दसऱ्याच्या सकाळी मैदान झाडून सडा घातला होता. पोरांनी सगळी धनुष्यं एका सतरंजीवर मांडली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं बांधली. नारळ मॅडमच फोडायच्या आणि घरून शिरखुर्म्याचं पातेलं आणायच्या. ईद असो नसो, दसऱ्याला त्यांच्याकडून शिरखुर्मा ठरलेला. आणि मग त्या मैदानाचा रिवाज. वर्षभरात आलेल्या नवशिक्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कागदी टार्गेटवर बाण मारायचा. एकेकानं, बाकी सगळे मागे उभे राहून बघणार. शेजारी ज्यानं शिकवलं तो उभा राहणार आणि त्यानंही एक मारायचा, म्हणजे शिष्य एकटा पडत नाही.

बारक्यांचं झालं. कुणाचा लागला, कुणाचा मातीत. प्रत्येकाला टाळ्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "डुबल मास्तर. आणि प्रणाली."

आम्ही रेघेवर गेलो. ती तिकडून, मी इकडून, तोंडाला तोंड. शिट्टी झाली.

मी ओढलं. टार्गेटवरचा पिवळा गोल एवढा लांब आणि एवढासा दिसत होता. आदल्या दिवशी मुक्कामी गाडी होती. ढेबेवाडीकडच्या एका गावात गाडीतच झोपलो होतो, म्हणजे डासांना जेवू घातलं होतं. पहाटे गाडी आणली, हिशेब दिला आणि तसाच आलो. हात थरथरला. शिकवल्याप्रमाणे मी हळूहळू परत आणलं.

"परत एकदा," प्रणाली पुटपुटली. "खांदे खाली."

परत ओढलं. पिवळा गोल डोळ्यांपुढे तरंगायला लागला. परत आणलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं, त्याला मॅडमनी दटावलं.

"दमलो गं," मी म्हणालो.

कसा निसटला शब्द देव जाणे. मोठ्यानं नव्हे, फक्त समोरच्या पोरीला ऐकू जाईल इतकाच. प्रणाली माझ्याकडे बघतच राहिली.

"काय म्हणालात?"

"दमलो. लई दमलोय. डोळं मिटत्यात."

"मग येता कशाला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "मी या म्हणलं होतं का? सांगलीला पण तसंच. शेवटचा बाण ओढायच्या आधी मी वळून बघितलं. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला, तोंड उघडं, टोपी घसरलेली, मांडीवर माझा डबा घट्ट धरलेला. मला वाटलं, हा चुकला तर तुमची एवढी जागरणं फुकट. तेव्हापासून ओढलं की तेच दिसतं. मागं तुम्ही बाकावर बसलेला असता, मला माहीत असतं. आणि विचारलं की म्हणता, कुठं दमलोय, कुठं दमलोय!"

रेघेमागच्यांना शब्द ऐकू गेले असतील की नाही माहीत नाही, पण पोरगी रडतेय हे दिसत होतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ती घागर माझीच होती तर! मी न बोललेली सगळी दमणूक तिनं मोजून मोजून डोक्यावर घेतली होती आणि सांडू नये म्हणून बोटं मिटून उभी होती.

मला भाषण येत नाही. जे खरं होतं ते सांगितलं.

"हे बघ, बाय. तू बाण मारलास तरी मी दमणार. न्हाय मारलास तरी दमणार. पाटणची पहिली गाडी तुझ्यापायी सुटत न्हाय. मी कंडक्टर हाय म्हणून दमतो. त्यात तुझा काय संबंध?"

तिनं मान खाली घातली.

"कायसुद्धा संबंध न्हाय. आणि त्या बाकावर मी झोपायला यायचो. घरात तुझी आई झोपू देती व्हय? आडवं झालं की हे आणा, ते आणा. लिंबाखाली गार वारं असतंय, कुणी उठवत न्हाय. पुण्याला गेलीस तर माझी ती झोप जाईल, एवढंच."

आधी तिच्या नाकातून कसलासा आवाज आला. मग ती हसली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, तशीच बाहीनं तिनं नाक पुसलं. हसता हसताच तिनं टार्गेटकडे मान वळवली आणि धनुष्य उचललं. हनुवटीला दोरी लागली. खांदे खाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. त्या तोंडावर कसलीही घागर नव्हती.

ठप्प.

बाण गवतात बसल्याचा आवाज मी हजारदा ऐकला असेन. तसा कधी ऐकला नव्हता. पिवळ्यात नव्हता लागला, लाल-निळ्याच्या काठावर कुठेतरी होता, पण लागला होता. मागे एकदम गलका झाला. प्रणाली स्वतःच्या उघड्या बोटांकडे बघत उभी होती, दुसऱ्या कुणाची बोटं असावीत तशी.

"गोंधळ नको!" मुल्ला मॅडम ओरडल्या. त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. "रेघेवर माणूस आहे अजून. मास्तर, तुमचा राहिलाय."

मी ओढलं आणि सोडला. तो बांधावरून पलीकडे उसात गेला.

हरवलेला बाण सापडेपर्यंत कुणी दुसरा मारायचा नाही, असाही तिथे नियम आहे. तीन शिट्ट्या झाल्या आणि अख्खं मैदान, मॅडमसकट, एका ओळीत उसात शिरलं. पाचटात पाय घासत, हसत, दसऱ्याचे नवे कपडे फाडून घेत आम्ही दुपारपर्यंत शोधलं. माझ्या पुढच्या सरीत प्रणाली होती. मधूनच ती म्हणायची, "पप्पा, दमलात का?" आणि मी म्हणायचो, "व्हय गं बाई, दमलो," आणि ती खळखळून हसायची. बाण मिळाला नाही. शेवटी मॅडमनी एकदाचा माफ केला.

त्याच दुपारी तिचं नाव पुण्याला गेलं. शिबिरात दोन वर्षं राहिली. फार मोठी खेळाडू वगैरे झाली नाही ती. राज्यापर्यंत खेळली, खेळाच्या कोट्यातून पोलीस खात्यात लागली, आता सोलापूरला असते. सुट्टीला आली की अजून धनुष्य उचलते आणि बोटं उघडतात.

मी मात्र मैदानावरून उठलो नाही. निवृत्त झालो, गुडघे गेले, तरी संध्याकाळी रेघेच्या उजव्या टोकाला मी असतोच. माझे बाण बहुतेक पांढऱ्यात जातात, म्हणजे टार्गेटच्या अगदी बाहेरच्या कडेला. मॅडमचं वय झालंय, त्यामुळे नव्या लोकांना पहिले दोन दिवस मीच सांगतो. शिट्ट्या समजून घ्या. लगेच सामान विकत घेऊ नका. जड धनुष्य मागू नका. बाण न लावता दोरी सोडू नका. आणि आई-बापांना सांगतो, एक तर रेघेवर या, नाहीतर घरी जाऊन झोपा.

गेल्या पावसाळ्यानंतर एक नवा मुलगा आला, इंजिनिअरिंगचा. मी त्याचा डोळा तपासला, उजवा निघाला. तो म्हणाला, "काका, समोर कुणी नसेल तर स्वतःचं स्वतः कसं बघायचं?"

"सोपं हाय. भोकातून त्या दिव्याच्या खांबाकडं बघ. मग एकेक डोळा मिटायचा. जो मिटल्यावर खांब नाहीसा होईल तो तुझा डोळा. असं." म्हणून मी स्वतः करून दाखवलं. डावा डोळा मिटला. खांब जागच्या जागी. उजवा मिटला. खांब गेला.

मी परत केलं. परत तेच.

मॅडम लिंबाखाली बाणांना पिसं चिकटवत बसल्या होत्या. मी जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, माझा डोळा कुठला?"

"उजवा," त्या वर न बघता म्हणाल्या.

"तुम्ही डावा म्हणाला होता."

"म्हणाले होते."

त्यांनी पिसाला फुंकर घातली, बाण बाजूला ठेवला आणि चष्मा काढला.

"तुम्ही रोज त्या बाकावर बसायचात, मास्तर. तुम्हाला पोरीची पाठ दिसायची. आणि तिला तुमचं तोंड दिसायचं नाही, नुसता अंदाज करत बसायची. मला रेघेवर एक डावखुरा पाहिजे होता. गावात मिळेना, मग तुम्हालाच केला."

"अहो, पण इतकी वर्षं माझे बाण पांढऱ्यात जात्यात!"

"उजव्या हातानंही पांढऱ्यातच गेले असते," त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "बदलायचंय का आता? महिन्याभरात शिकवीन."

मी रेघेकडे बघितलं. उजव्या टोकाची माझी जागा रिकामी होती आणि तिच्या शेजारचीही. रविवारी प्रणाली सोलापूरहून यायची होती.

"राहू द्या," मी म्हणालो, आणि जाऊन माझ्या जागेवर, तोंड उलटं करून, शिट्टीची वाट बघत उभा राहिलो.